आंखेल लाबोर्दे : हरत्या बाजूचा दर्यावर्दी

खारावारा

२४ जुलै हा दिवस व्हेनेझुएला आणि कोलंबिया या दोन्ही देशांत नौदल दिन म्हणून साजरा होतो. १८२३ साली त्या दिवशी माराकाइबोच्या सरोवरात स्पेनच्या राजाचं आरमार बुडालं. ज्याने ते बुडवलं त्या होसे प्रुदेन्सिओ पादियाचं नाव तिकडे चौकांना आहे, जहाजांना आहे. ज्याचं बुडालं त्या आंखेल लाबोर्देबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीपलीकडे काही मिळत नाही, आणि मिळतं तेही "पराभूत सेनापती" एवढंच. गेली काही वर्षं मी या माणसाच्या मागे आहे. त्याला न्याय मिळावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

लाबोर्दे १७७२ सालचा, जन्म कादिसचा. कादिस म्हणजे चहूबाजूंनी पाणी आणि एका चिंचोळ्या पट्टीने जमिनीला टेकलेलं गाव. अमेरिकेहून येणारी चांदी याच बंदरात उतरायची. असल्या गावात वाढलेला मुलगा आरमारात गेला यात नवल नाही. पण तो ज्या आरमारात मोठा झाला ते त्याच्या डोळ्यांसमोर झिजत गेलं. १८०५ ला ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत इंग्रजांकडून हार झाली, १८०८ ला नेपोलियन स्पेनमध्ये घुसला, आणि १८१० पासून अमेरिकेतल्या वसाहती एकेक करून उठल्या. राजाकडे पैसा नव्हता. गोद्यांमध्ये लाकूड कुजत होतं, अधिकाऱ्यांचे पगार थकत होते, आणि त्याच आरमाराने अटलांटिक ओलांडून अर्धं जग ताब्यात ठेवावं अशी माद्रिदची अपेक्षा होती.

१८१५ मध्ये पाब्लो मोरियोला सुमारे १०,००० सैन्य देऊन व्हेनेझुएलाकडे पाठवलं. पोचता पोचताच, कोचे बेटाजवळ, सान पेद्रो दे अल्कांतारा हे सर्वांत मोठं जहाज आग लागून उडालं आणि मोहिमेचा खजिना तळाला गेला. मग १८१७ मध्ये राजा सातव्या फर्नांडोने रशियाच्या झारकडून युद्धनौका विकत घेतल्या. कादिसला आल्यावर कळलं की त्यातल्या बऱ्याचशा कुजलेल्या आहेत. पुढे १ जानेवारी १८२० ला, अमेरिकेला धाडण्यासाठी जमवलेल्या फौजेनेच कादिसजवळ रिएगो नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली बंड केलं. राजाला संविधान मान्य करावं लागलं आणि ती मदत कधीच निघाली नाही.

२४ जून १८२१ ला काराबोबोच्या मैदानावर स्वातंत्र्यवाद्यांचा नेता बोलिव्हार याने राजनिष्ठ फौजेचं कंबरडं मोडलं. उरलेले पुएर्तो कबेयोच्या किल्ल्यात शिरले. पाठीला दलदल, पुढे समुद्र. जमिनीवरून वेढा, म्हणजे जे काही यायचं, पीठ असो, दारूगोळा असो की पगाराचे पैसे, ते पाण्यावरून. हे पाणी मोकळं ठेवायचं काम लाबोर्देचं होतं.

आणि ते त्याने केलं. १ मे १८२३ ला तो कोन्स्तितुसिओन ही फ्रिगेट (मोठी युद्धनौका) आणि सेरेस ही तिच्याहून लहान कॉर्व्हेट घेऊन पुएर्तो कबेयोसमोर आला. कोलंबियाची (तेव्हा व्हेनेझुएलाही याच प्रजासत्ताकात होतं) नाकेबंदी डॅनेल्स नावाच्या कप्तानाकडे होती. लाबोर्देने ती फोडली आणि मारिया फ्रान्सिस्का व काराबोबो या दोन कॉर्व्हेट धरून नेल्या. बारा आठवड्यांनी माराकाइबोत पराभूत झालेला तो हाच माणूस.

मधल्या बारा आठवड्यांत काय घडलं ते पुढच्या प्रतिसादात लिहितो.

पागोळी

वाचतेय. एक प्रश्न आहे. आपल्या डोक्यात असं असतं की एका बाजूला परके स्पॅनिश आणि दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्य मागणारे स्थानिक. मग हे "राजनिष्ठ" म्हणजे नेमके कोण? सगळे जहाजातून आलेले?

खारावारा

पागोळी, नाही, आणि म्हणूनच ही लढाई इतकी कडवट झाली. राजाकडून लढणाऱ्यांतले पुष्कळ तिथेच जन्मलेले होते. सुरुवातीच्या वर्षांत बोव्हेसच्या हाताखाली राजाच्या नावाने लढलेले घोडेस्वार व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानातले गुराखीच होते. त्याचा उजवा हात फ्रान्सिस्को तोमास मोरालेस. हा कॅनरी बेटांतला, सामान्य घरातला, आणि १८२२ पर्यंत चढत चढत थेट कॅप्टन जनरल, म्हणजे राजाचा तिथला सर्वोच्च अधिकारी झाला. कोरो राजाचं, काराकास बंडखोरांचं, माराकाइबो आधी राजाचं आणि जानेवारी १८२१ मध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूला गेलेलं. गावागावांतली, भावाभावांतली लढाई होती ती.

सप्टेंबर १८२२ मध्ये याच मोरालेसने माराकाइबो परत घेतलं. ते शहर हातात असेल तर सरोवरकाठचा सगळा मुलूख हातात, असा त्याचा हिशेब. तो चूक नव्हता. फक्त पाण्याकडे त्याने जमिनीवरच्या माणसाच्या नजरेने पाहिलं.

मचवेकरी

या जागेबद्दल मला बोलू द्या, कारण मी तिथे गेलोय. मर्चंट नेव्हीत असताना टँकरवर दोन वेळा माराकाइबोला गेलो.

नकाशात सरोवर दिसतं, पण ते समुद्राला एका अरुंद तोंडाने जोडलेलं आहे आणि त्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. आम्ही गेलो ते १९५० च्या दशकात खणून खोल केलेल्या जलमार्गातून, पायलट घेऊन. त्या जलमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा रंग पाहिला की पोटात गोळा येतो, इतकं उथळ. कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी ज्याने होडी घातली आहे त्याला सांगायला नको. भरतीची वेळ, लाट कुठे फुटते, कालची वाळू आज कुठे सरकली, हे माहीत असलेला तांडेल नसेल तर मोठं जहाज नुसतं ओझं.

१८२३ मध्ये खणलेला मार्ग नव्हता. तोंडावर सान कार्लोसचा चांदणीच्या आकाराचा किल्ला, त्याच्या तोफा थेट वाळूच्या पट्ट्यावर. फ्रिगेट आत जाणं शक्यच नाही. म्हणजे लाबोर्देची सगळ्यात मोठी ताकद बाहेरच राहिली असणार. बरोबर ना, खारावारा?

रात्री तिथे दक्षिणेकडच्या क्षितिजावर विजा चमकतात, गडगडाट न ऐकू येता, तासन् तास. काताटुम्बो नदीच्या मुखावरच्या त्या विजा. जुने खलाशी त्यांना माराकाइबोचा दीपस्तंभ म्हणायचे. ब्रिजवर उभा राहून पाहिल्या आहेत.

खारावारा

मचवेकरी काका, अगदी तेच. तुम्ही जे दोन वेळा पाहिलंत त्यावरच ही लढाई फिरली.

८ मे १८२३. लाबोर्देच्या विजयाला आठवडाच झाला होता. पादियाने ठरवलं की किल्ल्याच्या तोफा झेलत वाळूचा पट्टा ओलांडायचा. ग्रान बोलिव्हार ही ब्रिग (दोन डोलकाठ्यांचं जहाज) वाळूत रुतली, ती गेली. बाकीची जहाजं आत शिरली. हे साहस मोठं होतं, कारण आत शिरलं की बाहेर पडायची वाट तोच पट्टा आणि तोच किल्ला. पादियाने स्वतःला सरोवरात कोंडून घेतलं होतं. पण मोरालेसलाही कोंडलं होतं. शहर त्याचं, पाणी पादियाचं.

लाबोर्देला कळल्यावर तो कूरासाओमार्गे आला, जुलैच्या मध्यावर पट्ट्याबाहेर पोचला. फ्रिगेट बाहेर. आत जे काही होतं ते ब्रिग, लहान शिडाच्या स्कूनर आणि हलक्या होड्या. खोल समुद्रात एका बाजूने भराभर तोफा डागणारं जहाज सोडून तो एका स्कूनरवर चढला. आतल्या ताफ्यातली बरीचशी माणसं जमिनीवर लढणारे शिपाई होती, शिडाच्या दोरीला हात न लावलेली. त्याला त्यांना तयार करायला वेळ हवा होता. मोरालेसला वेळ नको होता, शहरात खायला उरलं नव्हतं. आणि हुकूम द्यायचा अधिकार मोरालेसचा.

२४ जुलैला राजाचं आरमार पश्चिम किनाऱ्याला लागून, कापितान चिकोपाशी, ओळीने नांगर टाकून उभं होतं. पादिया पलीकडे पूर्व काठावर, लोस पुएर्तोस दे आल्ताग्रासियाशी. सकाळी वारा त्याला साथ देईना. तो थांबला. दुपारी वारा ईशान्येकडे फिरला तसा त्याने नांगर उचलला. शिडं भरलेली, वारा पाठीशी, समोर शत्रू नांगरावर आणि शत्रूच्या पाठीला जमीन. पावणेचारच्या सुमाराला राजनिष्ठांनी लांबूनच तोफा सुरू केल्या. पादियाच्या जहाजांनी उत्तर दिलं नाही. ती येत राहिली. अगदी जवळ आल्यावर एकदाच मारा केला आणि मग माणसं उड्या मारून समोरच्या जहाजांवर चढली. भाले, कुऱ्हाडी, तलवारी. राजनिष्ठांचं एक जहाज दारूगोळ्यासकट उडालं. बाकीच्यांनी नांगराचे दोर तोडून पळायचा प्रयत्न केला, पण पळायला जागा कुठे होती?

प्रजासत्ताकाच्या बाजूला ४४ मेले, ११९ जखमी. राजाच्या बाजूला मेलेले आणि जखमी मिळून ४७३, शिवाय ४३७ कैदी. लाबोर्दे एस्पेकुलादोरा या स्कूनरवरून किल्ल्याच्या आश्रयाला निसटला आणि तिथून बाहेर पडला. ३ ऑगस्टला मोरालेसने शरणागती लिहून दिली.

आडवाट

धागा उत्तम, पण लाबोर्देला तुम्ही जरा सोडून देताय असं मला वाटतं.

वेळ मागितली होती, मिळाली नाही, ठीक. पण नांगर टाकून किनाऱ्याला चिकटून उभं राहायचा निर्णय कुणाचा? त्या सरोवरात दुपारी वारा फिरतो हे तिथल्या कोणत्याही कोळ्याला माहीत असणार. वाऱ्याची बाजू शत्रूला आपण होऊन दिली. १ मे ला त्याने स्वतः चालून जाऊन लढाई जिंकली होती. मग २४ जुलैला तोच माणूस वाट पाहत का बसला? मोरालेसने लढ म्हटलं असेल, असं लढ तर म्हटलं नसेल.

मचवेकरी

आडवाट, मुद्दा बिनतोड आहे, पण एक गोष्ट लक्षात घ्या. शिडं हाताळता न येणाऱ्या माणसांना घेऊन ताफा चालवणं म्हणजे आपलीच जहाजं एकमेकांवर आदळवणं. नांगरावर निदान ओळ टिकते आणि शिपाई तोफ तरी चालवू शकतात. माझ्या हाताखाली नवखी माणसं असती तर मीही कदाचित नांगरच टाकला असता. आणि हरलोही असतो.

खारावारा

आडवाट, काका म्हणतात तेच माझं मत, पण तुमचा आक्षेप मी खोडून काढत नाही. वारा ओळखण्यात पादिया त्या दिवशी सरस होता. ते मान्य करूनच पुढे जायला हवं.

एक मात्र सांगतो. त्या उन्हाळ्यात लाबोर्दे नेमका कोणासाठी लढत होता? त्याच्या फ्रिगेटचं नाव कोन्स्तितुसिओन, म्हणजे संविधान. ज्या महिन्यांत तो तिथे लढत होता त्याच महिन्यांत फ्रेंच फौज स्पेनमध्ये घुसून ते संविधान मोडायला निघाली होती. संसदेने राजाला बरोबर घेऊन आसरा घेतला तो कादिसमध्ये, लाबोर्देच्या गावात. ३१ ऑगस्टला कादिसजवळचा त्रोकादेरोचा किल्ला पडला, १ ऑक्टोबरला फर्नांडोने संविधान रद्द केलं. मायदेशात कोणाचं राज्य आहे ते बातमी दोन महिन्यांनी आल्यावर कळायचं. आणि तरी रोज सकाळी तोच झेंडा चढवायचा.

नोव्हेंबरच्या ७-८ तारखेच्या रात्री बोलिव्हारचा सेनापती पाएस याच्या माणसांनी दलदलीतून गळाभर पाण्यात चालत जाऊन पुएर्तो कबेयो घेतलं. स्पेनसाठी व्हेनेझुएला संपलं.

निळीशाई

पादियाबद्दल थोडं माझ्याकडून, कारण तो सुटला तर हा धागा अर्धवट राहील.

पादिया रिओआचाचा, मिश्र वर्णाचा, ज्यांना तिकडे पार्दो म्हणत. पोरसवदा असताना जहाजावर चढला आणि मोठा झाला तो स्पेनच्याच आरमारात. ट्रफाल्गरला तो सान हुआन नेपोमुसेनो या स्पॅनिश जहाजावर होता. इंग्रजांनी पकडला, १८०८ पर्यंत इंग्लंडात कैदेत. २४ जून १८२१ च्या रात्री कार्ताहेनाच्या बंदरात घुसून त्यानेच राजाची जहाजं पळवली. माराकाइबोत त्याच्या ताफ्यात न्यू ऑर्लिन्सचा रेनातो बेलुचे होता, इंग्रज अधिकारी होते. पण वर सगळ्यांच्या तो होता, एक काळा-सावळा माजी स्पॅनिश खलाशी.

आणि त्याचं पुढे काय झालं? २ ऑक्टोबर १८२८ ला बोगोतामध्ये त्याच्याच प्रजासत्ताकाने त्याला मृत्युदंड दिला. बोलिव्हारवरच्या हल्ल्याच्या कटात गोवून. तो तर त्या वेळी आधीपासूनच कोठडीत होता.

मेक्सिकोतही हेच. वेराक्रूझसमोरचा सान हुआन दे उलुआचा किल्ला स्पेनचा मेक्सिकोतला शेवटचा तुकडा. त्याची नाकेबंदी करणारा पेद्रो सैन्स दे बारांदा, काम्पेचेचा, तोही ट्रफाल्गरला स्पेनच्या सांता आना या जहाजावर होता. स्पेनच्या आरमाराला अमेरिकेतून हाकलणारे दोघेही त्याच आरमाराने घडवलेले.

खारावारा

निळीशाई, मनापासून आभार. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. लाबोर्देच्या समोर परके नव्हतेच. त्याच्याच शाळेतली मुलं होती, फक्त कादिसमध्ये न जन्मलेली, आणि त्यातल्या पादियासारख्याला तर राजाच्या आरमारात त्याच्या रंगामुळे वरची पायरी कधी मिळालीच नसती.

उलुआला मदत घेऊन निघालेला ताफा १८२५ च्या ऑक्टोबरमध्ये वादळाने विस्कटला, परत फिरला. आत किल्लेदार कोपिंजरची माणसं स्कर्व्हीने मरत होती. नोव्हेंबरमध्ये किल्ला दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅसिफिकमध्ये आसिया या स्पॅनिश जहाजावरच्या खलाशांनी थकलेल्या पगारासाठी ग्वामला बंड केलं, अधिकाऱ्यांना उतरवलं आणि जहाज नेऊन मेक्सिकोच्या हवाली केलं. १८२६ च्या जानेवारीत पेरूमधलं कायाओ आणि चिलीतलं चिलोए पडलं. स्पेनकडे अमेरिकेत उरलं क्युबा आणि पुएर्तो रिको.

इथून लाबोर्देची खरी कर्तबगारी सुरू होते, असं माझं मत आहे. १८२५ पासून हवानाचं नाविक ठाणं त्याच्या ताब्यात आलं. मेक्सिको आणि कोलंबिया क्युबावर स्वारीची तयारी करत होते. हवानाचा इन्तेन्देन्ते (तिजोरीचा मुख्य अधिकारी) मार्तिनेस दे पिनियोस याने तिजोरी सावरली होती आणि पहिल्यांदाच लाबोर्देच्या खलाशांना वेळेवर पगार मिळू लागला. गेरेरो हे मोठं जहाज, लेआल्ताद, साबिना वगैरे फ्रिगेट. १८२६ च्या सप्टेंबरात चक्रीवादळाने गेरेरोच्या डोलकाठ्या मोडून नेल्या, तरी ताफा पुन्हा उभा राहिला.

मेक्सिकोने डेव्हिड पोर्टर या अमेरिकी कोमोडोरला आणलं. हा पोर्टर म्हणजे १८२४ मध्ये पुएर्तो रिकोतल्या फाहार्दोला आपल्या मनाने सैनिक उतरवल्यामुळे कोर्टमार्शल झालेला आणि मग नोकरी सोडलेला. त्याने आपली जहाजं अमेरिकेच्या की वेस्ट बंदरात, तटस्थ पाण्यात नेऊन उभी केली. लाबोर्दे बाहेर पहारा देत राहिला. आत शिरून मारामारी केली असती तर अमेरिकेशी युद्ध. नुसतं थांबणं, महिनोन् महिने. मला या थांबण्याचं कौतुक वाटतं.

१० फेब्रुवारी १८२८ ला पोर्टरचा पुतण्या डेव्हिड हेन्री पोर्टर मेक्सिकोची गेरेरो ही ब्रिग घेऊन क्युबातल्या मारिएलजवळ एका स्पॅनिश व्यापारी तांड्यावर तुटून पडला. (दोन्ही बाजूंना गेरेरो नावाचं जहाज, वाचताना गोंधळ होतो. मेक्सिकोचं त्यांच्या व्हिसेन्ते गेरेरोच्या नावावरून.) तोफांचा आवाज हवानापर्यंत आला. लेआल्ताद बाहेर पडली. रात्रभर पाठलाग, आणि दुसऱ्या दिवशी ब्रिग धरली. तरुण पोर्टर त्यात मेला. मेक्सिकोच्या आरमाराचा धसका तिथे संपला.

पागोळी

एक गोष्ट मनात टोचतेय, बोलतेच. हवानाची तिजोरी कशाने भरली? साखरेने. आणि साखर कोणी पिकवली? १८१७ मध्ये स्पेनने इंग्लंडशी करार केला होता की १८२० पासून गुलामांचा व्यापार बंद. क्युबात तो चोरून चालूच राहिला आणि गुलामगिरी तर १८८६ पर्यंत संपली नाही. तुम्ही म्हणता खलाशांना वेळेवर पगार मिळू लागला. तो पगार त्या उसाच्या मळ्यांतून आला. क्युबाचे जमीनदार राजाशी एकनिष्ठ राहिले यामागे हैतीसारखा गुलामांचा उठाव आपल्याकडे होईल ही भीतीच मोठी होती. लाबोर्दे कर्तबगार असेल, पण त्याची जहाजं कशाचं रक्षण करत होती हेही धाग्यात यायला हवं.

खारावारा

पागोळी, यायलाच हवं, आणि मी ते लिहिलं नाही ही चूक झाली. मारिएलला जे व्यापारी तांडे येत-जात होते ते याच अर्थव्यवस्थेचे. पादियासारखा माणूस समोरच्या बाजूला का होता, याचंही उत्तर यातच आहे. लाबोर्देवर माझा जीव आहे, पण त्यासाठी हे झाकणार नाही.

आडवाट

१८२९ राहिलं. स्पॅनिश सेनानी इसिद्रो बारादास. मेक्सिको परत जिंकायला सुमारे ३,००० सैन्य. लाबोर्देच्या ताफ्याने त्यांना ५ जुलैला हवानाहून नेलं, २७ जुलैला काबो रोखोला उतरवलं. स्पॅनिश झेंडा दिसताच मेक्सिकन जनता उठेल अशी समजूत होती. कोणी उठलं नाही. दोघांचं पटेना, आणि लाबोर्दे जहाजं घेऊन हवानाला परतला. मागे पिवळा ताप, सप्टेंबरचं वादळ, आणि ११ सप्टेंबरला तामपिकोजवळ मेक्सिकोचा सेनापती सांता आना याच्यासमोर शरणागती. सैन्याला किनाऱ्यावर सोडून जहाजं परत नेणं याचं समर्थन काय?

खारावारा

आडवाट, ऐन वादळी मोसमात, आडोसा नसलेल्या किनाऱ्यावर ताफा उभा ठेवला असता तर सैन्यही गेलं असतं आणि क्युबाही. गेरेरोच्या डोलकाठ्या त्याने तीनच वर्षांपूर्वी पाहिल्या होत्या. तरी त्या किनाऱ्यावर राहिलेल्यांच्या घरच्यांना हे कारण पुरलं नसणार, हे मला कळतं.

लाबोर्दे १८३४ मध्ये हवानातच वारला. स्पेनने मेक्सिकोचं स्वातंत्र्य मान्य केलं डिसेंबर १८३६ मध्ये, व्हेनेझुएलाचं १८४५ मध्ये, कोलंबियाचं तर १८८१ मध्ये. त्याच्या मरणापर्यंत कागदोपत्री युद्ध चालूच होतं.

मचवेकरी

आमचा टँकर एकदा सरोवरात नांगरावर तीन दिवस होता, धक्क्याची वाट पाहत. सकाळी पाणी आरशासारखं. दुपारचं जेवण झालं की ईशान्येकडून वारा भरायचा, रोज, आणि जहाज नांगरावर फिरून त्याच्याकडे तोंड करायचं. तेव्हा पादिया किंवा लाबोर्दे ही नावं मला ठाऊक नव्हती. कोणत्या वेळी फिरायचं ते माझ्या जुन्या डायरीत टिपलेलं असणार. माळ्यावरून काढतो आणि इथे लिहितो.